उजेड परत पाठवणारी सलमा

अनया आणि निहार,

गेल्या रविवारी बोलता बोलता निहारने टॅब्लेट तिरका धरला आणि विचारलं, की चित्र अगदी काळं असलं तरी ह्या कोपऱ्यात पांढुरका डाग का दिसतो. मी लगेच म्हटलं, आतला मागचा थर तिथे फुगला असेल किंवा प्लेटला चिकटला असेल, टॅब्लेट उन्हात खिडकीवर ठेवत जाऊ नकोस. त्यावर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. अनया म्हणाली, "आजी, तू तर कॉलेजात इंग्लिश कविता शिकवायचीस ना?"

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. कारण ते उत्तर म्हणजे एक बाई आहे आणि ती फोनच्या वेळेत मावणारी नाही. म्हणून सवडीने लिहायला बसले. तिचं बोलणं मी ती बोलते तसंच ठेवलं आहे. अडलं तर मोठ्याने वाचा, लगेच कळेल.

तिचं नाव सलमा शिकलगार. गाव उंब्रज, कऱ्हाडच्या अलीकडचं, हमरस्त्यावरचं. शिक्षण कोल्हापूरला, भौतिकशास्त्रात एम. एस्सी. नंतर काही वर्षं पुण्यात पडद्यांच्या कंपनीत नोकरी केली, आणि मग ती साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कदमसाहेबांच्या कारखान्यात आली. कदमसाहेब फलटणकडचे. घरची उसाची शेती, थोरला भाऊ फौजेत, हे स्वतः इंजिनिअर. त्यांच्याकडे छोट्या पडद्यांच्या मागे बसवायचे दिवे तयार व्हायचे. पडदे मोबाइलचे नव्हेत. ट्रॅक्टरच्या समोर काटे आणि आकडे दाखवणारा पडदा असतो, दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी असतो, तसले. मी निवृत्त झाल्यावर त्यांनी मला इंग्लिश पत्रव्यवहार सांभाळायला बोलावलं. मी घरात बसून कंटाळलेच होते.

पहिल्या दिवशी मी तपासणीच्या खोलीचं दार उघडलं, तर आतून आवाज आला, "दार लावा आधी. उजेड आत येतोय."

आत काळोख होता. मी दाराशीच उभी राहिले. समोर एक वीतभर लांबीचा पडदा उजळला आणि त्याच्या उजेडात एक उंच, चष्मा लावलेली बाई दिसली. ओढणी पिनांनी घट्ट बांधलेली, पायात धावण्याचे बूट, आणि किल्ल्यांच्या जुडग्याला एक बोटाएवढी बॅटरी. तिने माझं नाव विचारलं नाही. मला हाताला धरून पडद्यासमोर आणलं आणि कुठे डाग दिसतो का ते विचारलं. मला काही दिसला नाही, तसं मी सांगितलं. "मग बसा," ती म्हणाली. "डाग दिसला असता तर मीच बसले नसते."

मग तिने मला पडदा उघडून दाखवला. तुम्हालाही हे माहीत असावं, म्हणून तिने सांगितलं तसं सांगते. असल्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या मागे काचेसारखी स्वच्छ, जाडसर प्लास्टिकची प्लेट असते. तिच्या एका कडेला बारीक दिव्यांची ओळ. उजेड त्या कडेतून प्लेटमध्ये शिरतो आणि आतल्या आत पसरतो. प्लेटच्या पाठीवर बारीक ठिपके असतात. त्यांच्यावर आपटला की तो पुढे येतो, आणि आपल्याला पडदा उजळलेला दिसतो. पण सगळा उजेड शहाण्यासारखा पुढे येत नाही. बराचसा मागे निसटतो.

"म्हनून सगळ्यांच्या मागं ह्यो असतो," असं म्हणत तिने प्लेटखालून एक पातळ थर ओढून काढला. "कागदाएवढा. उजेड पळाया बघतो, ह्यो त्याला परत पाठवतो. म्होरच्या काचेचं समदी कौतुक करत्यात, ह्याचं नाव कोन घेत न्हाई. पर ह्यो झोपला की घरात अंधार." आणि लगेच पुढे, श्वास न घेता, "ह्यातलं मला कळतं तेवढं आख्ख्या जिल्ह्यात कुनाला कळत न्हाई. कोन असला तर आना, मी चहा पाजते."

नम्रपणा हा गुण सलमाकडे नव्हता. तिला त्याची गरजही वाटत नसे. आपल्याला काय येतं ते ती हवामान सांगावं तसं सांगायची.

एम. एस्सी. झालेली बाई असं का बोलते, असा प्रश्न पुण्याहून येणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यावर दिसायचा. तिला प्रमाण मराठी उत्तम येई, इंग्लिशही येई. पण जुळणीच्या लाइनवर काम करणाऱ्या बायका आसपासच्या गावांतल्या. त्यांच्याशी जशी बोलायची तशीच ती सगळ्यांशी बोलायची, कदमसाहेबांशी आणि पाहुण्यांशीसुद्धा. मला ती "बाई" म्हणायची, मी शिक्षिका म्हणून. मी तिला पहिल्या आठवड्यातच "तू" म्हणू लागले. त्याबद्दल तिने एकदा सांगितलं, की तुम्ही उशीर केलात, मी दुसऱ्या दिवसापासून वाट बघत होते.

तिच्या सवयी सांगायच्या तर पहिली म्हणजे दिसेल ती वस्तू तिरकी करून बघणं. जेवणाची थाळी आली की ती आधी उजेडाकडे तिरकी करायची. माझ्या साडीची जर, कदमसाहेबांच्या गाडीचं बॉनेट, कुणाच्या घरातली नवी फरशी, सगळ्यावरून तिची नजर जमिनीलगत सरपटत जायची. "वरनं बघितलं की समदंच चांगलं दिसतं," असं तिचं म्हणणं.

एकदा सांगलीहून परतताना आम्ही उंब्रजच्या अलीकडे मिसळ खायला थांबलो. हॉटेलात भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर क्रिकेटचा सामना, सगळी टेबलं भरलेली. माझी मिसळ आली आणि बघते तर समोर सलमाही नाही आणि तिची खुर्चीही नाही. सलमा त्या खुर्चीसकट टीव्हीखाली पोचली होती, खुर्चीवर चढून टीव्हीच्या कडेला गाल टेकवून बघत होती. मालक गल्ला सोडून धावत आला.

"आवं बाई, काय करताय? खाली उतरा, मॅच चाललीया."

"तुमच्या डाव्या कोपऱ्यात चट्टा पडलाय. आतला थर फुगलाय. दिसत न्हाई का तुमाला?"

मालकाने डोळे बारीक करून बघितलं. "त्यो व्हय? मला वाटलं ग्राउंडावर तिथं ऊन पडलंय."

सलमा इतकी हसली की तिला खुर्चीवरून उतरवावं लागलं. पण गाडीत बसल्यावर तिचं हसू ओसरलं. थोड्या वेळाने म्हणाली, की बिचाऱ्याने किती सामने तसेच बघितले असतील, आणि तक्रारसुद्धा केली नाही. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

आता तिच्या घराबद्दल, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारे. सलमाचे अब्बा उंब्रजमध्ये तेच काम करायचे. ऊसतोडीचे कोयते, शिंप्याच्या कात्र्या, न्हाव्याचे वस्तरे. पातं घासून झालं की ते डोळ्यांसमोर धरायचे. त्यात मिशीचा केस न् केस वेगळा दिसला, तरच काम झालं. नाही दिसला, तर पातं पुन्हा सहाणेवर. लहानपणापासून सलमाने घरात एकच गोष्ट ऐकली होती, की नीट झालेलं काम चकाकतं. जोर लावा, घासा, ताणा, पण चकाकलं पाहिजे.

मग कारखान्यात एका ट्रॅक्टर कंपनीचं काम आलं. शेतकरी उघड्यावर, भर उन्हात ट्रॅक्टर चालवतो, तेव्हा पडदा इतका उजळ हवा की उन्हातही आकडे वाचता यावेत. सलमाने मागच्या थरासाठी चंदेरी पत्रा निवडला, आरशासारखा. कदमसाहेबांनी सुरुवातीलाच सुचवलं होतं, की साधा पांढरा थर वापरून बघू, तो स्वस्तही पडतो. सलमाने त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, आमच्या घरात मळकं काम करत न्हाईत." साहेब हसले आणि चंदेरी पत्रा मागवायला सांगितला. तिच्या निवडीला शास्त्राचा आधार होताच. समोरून बघितलं तर चंदेरी थर जास्त उजळ दिसतो. पण मला वाटतं, त्यात उंब्रजचाही वाटा होता.

पहिले पडदे तपासणीच्या खोलीत सुंदर दिसले. कंपनी मात्र ते खोलीत तपासणार नव्हती. तिने कवठे महांकाळला एका बागायतदाराचा ट्रॅक्टर ठरवला होता. तिकडचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. उघडं रान, खडकाळ जमीन, आणि दुपारी द्राक्षबागेच्या कडेला उभा असलेला ट्रॅक्टर असा तापतो की त्याला हात लावता येत नाही. आमचे पडदे सकाळी ठीक होते. दुपारी त्यांच्यावर लाटा आल्या. पाण्यात खडा टाकल्यावर दिसतात तशा, उजळ आणि मंद. दिव्यांच्या बाजूला पट्टे दिसू लागले. कंपनीच्या परीक्षकांनी आकडे टिपून घेतले आणि नकार दिला.

सलमा परत आली ती बाह्या सरसावूनच. तिचं निदान असं, की थर नीट ताणला गेला नाही. सुरेखा पवार नावाची एक हुशार मुलगी लाइनवर थर बसवायची. तिला सलमाने चारही कडांची चिकटपट्टी आणखी आवळून लावायला शिकवलं, थर तबल्याच्या पुडीसारखा ताणून. सुरेखा म्हणाली होती, "मॅडम, लय आवळतोय का आपन?" सलमा म्हणाली, आवळल्याशिवाय झळाळी येत नाही.

दुसऱ्या खेपेला लाटा आणखी वाईट आल्या.

त्या संध्याकाळी कदमसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, पण आता त्यांचा आवाज कोरडा झाला होता. परदेशातून तयार दिवे मिळत होते. आणखी एकदा कंपनीने नकार दिला तर ते तयार माल आणून नुसता जोडून देणार होते. म्हणजे सलमाची लाइन बंद. ती लाइन तिने रिकाम्या शेडमध्ये उभी केली होती. त्यातल्या प्रत्येक बाईला टोपी आणि हातमोजे घालायला, धुळीचा कण ओळखायला, पडदा तिरका करून बघायला तिनेच शिकवलं होतं. कुणी त्याआधी उसाच्या खुरपणीला जात होतं, कुणाला घराबाहेर पडायची मुभा नव्हती. सुरेखाचं लग्न ठरलं होतं, आणि तिने सासरी आधीच सांगून ठेवलं होतं की नोकरी सोडणार नाही.

सलमाने साहेबांना एवढंच विचारलं, "आनखी एकदा म्हंजे एकदाच का?"

"एकदाच," साहेब म्हणाले.

मी कंपनीला पत्राचा मसुदा केला. माझ्या पद्धतीने, सभ्य, गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करणारा. सलमाने तो वाचला आणि पहिले दोन परिच्छेद खोडले. तिचं म्हणणं, खेद त्यांच्या काय उपयोगाचा. काय चुकलं, आता काय करणार आणि पुन्हा कधी बघायला यायचं, एवढं लिहा. काय चुकलं ते काय लिहू, असं मी विचारलं, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, ते अजून मलाच माहीत नाही, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कवठे महांकाळला गेली. ट्रॅक्टर जिथे उभा राहायचा तिथेच, भर दुपारी, तिने नापास पडदा उन्हात ठेवला. तो तापून लाटा दिसू लागल्यावर, थंड होऊ न देता, ट्रॉलीच्या फळीवर ठेवून उघडला. आजवर सगळ्यांनी पडदे कारखान्यात आणून, गार झाल्यावर उघडले होते. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. ती फळीला गाल लावून बघत राहिली. मग तिने मला वाकायला सांगितलं.

थर मधोमध उचलला गेला होता, पापड भाजताना फुगतो तसा. उष्णतेने तो वाढला होता, आणि चारही कडा बांधलेल्या असल्यामुळे त्याला पसरायला जागाच नव्हती. जिथे उचलला नव्हता तिथे तो प्लेटला चिकटून बसला होता. आणि आरसा असल्यामुळे त्याची प्रत्येक सुरकुती पडद्यावर जशीच्या तशी उमटत होती.

सलमा सरळ झाली. तिने चष्मा पुसला. "बाई, मीच मारलं की ह्याला," ती म्हणाली. "चारी बाजूनं दाबून धरलं आन् वर म्हनते नीट बस."

तिचा आवाज पडलेला नव्हता, हे मला चांगलं आठवतं. बिघाड सापडला की तिला भूक लागायची. तिथेच बांधावर बसून तिने डब्यातल्या चपात्या संपवल्या, माझ्याही वाट्याच्या.

परत आल्यावर ती साहेबांच्या खोलीत गेली. मी मागे होते. "साहेब, तुमी पांढरा थर म्हनला हुता. तुमी बरोबर हुता," ती म्हणाली, आणि साहेबांचा चेहरा उजळायच्या आत पुढे, "फकस्त कारन चुकीचं हुतं." पांढऱ्या थराच्या पोटात अतिशय बारीक हवेचे बुडबुडे असतात. उजेड त्यांच्यावर आपटून सगळ्या दिशांना पसरून परत येतो, आरशासारखा एकाच दिशेने नाही. त्यामुळे थर थोडा हलला तरी पडद्यावर सुरकुती उमटत नाही.

त्याच आठवड्यात तिने मला उंब्रजला घरी नेलं. एरवी घरात ते आपली दखनी उर्दू बोलायचे, पण मी पाहुणी, म्हणून अब्बा मराठीत बोलत होते. जेवताना सलमाने त्यांना सगळं सांगितलं, की आता चकाकणारा थर काढून मुद्दाम मंद, खरखरीत थर बसवणार आहे. अब्बांचा घास हातातच राहिला.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"व्हय, मुद्दाम."

"तुला कोल्हापूरला ह्येच शिकवलं व्हय?"

"न्हाई अब्बा. कोल्हापूरला शिकवलेलं मी इसरले हुते, तुमचं ध्यानात हुतं. म्हनून तर दोनदा नापास झाले."

अब्बा त्यानंतर माझ्याशी उसाबद्दल, महामार्गाबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल बोलले. सलमाशी नाही. निघताना तिने त्यांच्या पाया पडायला वाकून बघितलं, तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण मानही वळवली नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, की हे कंपनीच्या नकारापेक्षा जड आहे. तिच्या तोंडून मी ऐकलेलं हेच एक हताश वाक्य. ते साताऱ्याला पोचेपर्यंतही टिकलं नाही, कारण मध्येच तिला काहीतरी सुचलं आणि तिने गाडी थांबवून बॅटरीच्या उजेडात पाण्याच्या बाटलीचं लेबल तिरकं करून बघितलं.

मग सुरू झाले ते दिवस मी जन्मात विसरणार नाही. पांढऱ्या थराने लाटा गेल्या, पण उजेड कमी पडला. कमी पडलेला उजेड कुठे जातो, ते ती शोधत राहिली. प्लेटच्या उघड्या कडांतून निसटतो, असं दिसलं. तेव्हा तिने थर प्लेटपेक्षा मोठा कापला आणि दिव्यांची कड सोडून बाकी तीन कडांवर दुमडून वर घेतला, द्रोणाच्या काठासारखा. ही दुमड सुरेखाच्या हाताला अशी बसली की बाकीच्या बायका तिच्याभोवती बघायला उभ्या राहायच्या. प्लेटवरचे ठिपके बदलले, दिव्यांजवळ विरळ आणि लांब गेल्यावर दाट. थर उन्हात प्लेटला चिकटू नये म्हणून त्याच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक मण्यांचा लेप घेतला. लाटलेल्या पोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आपण पिठी भुरभुरवतो, तसंच हे. आणि शेवटी चिकटपट्टी. ती फक्त एका कडेला. बाकी तीन बाजू मोकळ्या. वाढायचं असेल तेवढं वाढ, असं जणू त्याला सांगितलं.

पट्टी एकाच बाजूला लावायची हे सुरेखाला पटेना. सुटून येईल, असं ती म्हणाली. सलमा म्हणाली, "आगं, धरून ठेवायला एक हात पुरतो."

तयार झालेला पडदा भट्टीत तापवून तिने तपासणीच्या खोलीत आणला. आम्ही सगळ्या दाटीवाटीने आत उभ्या होतो. दार लावलं. पडदा उजळला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुधासारखा सारखा उजेड होता. सलमाने तो तिरका केला, उलटा केला, गाल लावून बघितला. मग आम्हाला बघायला लावलं, एकेकीला. कुणालाच काही सापडलं नाही. ती म्हणाली, "आता खरं बघाया जाऊ."

कवठे महांकाळला तिसऱ्या खेपेला आम्ही सगळे गेलो, कदमसाहेबसुद्धा. परीक्षकांनी आपली यंत्रं लावली आणि दुपार होण्याची वाट बघत बसले. बागायतदारांना सगळे आण्णा म्हणत. त्यांना आमच्या थरांशी काही देणंघेणं नव्हतं, बागेत औषध फवारायचं होतं. ते ट्रॅक्टर घेऊन बागेच्या ओळींतून जाऊन यायचे, उन्हात उभा करायचे, परत जायचे. दर वेळी परीक्षक पडद्यावर यंत्र धरायचे आणि आकडा टिपून घ्यायचे. सलमा दूर बांधावर उभी होती. ती जवळ गेली नाही. मला म्हणाली, जवळ गेले तर मी गाल लावेन आणि तो भाजेल.

ऊन कलायला लागलं तेव्हा मुख्य परीक्षकांनी यंत्र पिशवीत ठेवलं. नियमाप्रमाणे चालकाचं मत विचारायचं असतं, म्हणून त्यांनी आण्णांना विचारलं, की पडदा कसा वाटला.

"कंचा पडदा?" आण्णा म्हणाले.

"हा समोरचा."

आण्णांनी पडद्याकडे पहिल्यांदाच बघावं तसं बघितलं. "ह्याला काय झालंय? आकडे दिसत्यात की."

परीक्षक हसले आणि कदमसाहेबांचा हात हातात घेतला. सलमा बांधावर मटकन खाली बसली आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आण्णांनी ट्रॅक्टरवरूनच मला विचारलं, की ह्या बाईंना ऊन लागलं का. मी सांगितलं, नाही, त्यांना तुमचं बोलणं आवडलं. आण्णांना ते काही पटलेलं दिसलं नाही. त्यांनी ट्रॅक्टर वळवला आणि राहिलेल्या दोन ओळी फवारायला निघून गेले.

परदेशी मालाची बोलणी त्याच आठवड्यात थांबली. कंपनीने काम वाढवलं, मग आणखी एका कंपनीने मागितलं, आणि साताऱ्याची शेड पुरेना. तेव्हा सांगलीजवळ दुसरा कारखाना उभा राहिला. त्याची सगळी व्यवस्था सलमाकडे. सुरेखा तोवर लग्न होऊन सांगलीलाच गेली होती. तिथल्या लाइनची प्रमुख तीच झाली.

त्या कारखान्याच्या पहिल्या दिवसाला मी गेले होते. नारळ फुटला, पेढे वाटले. सलमाचे अब्बा उंब्रजहून आले होते, पांढऱ्याशुभ्र पायजम्यात, काठी घेऊन. सलमाने त्यांना लाइन दाखवली नाही. त्यांनीच एका टेबलावरून तयार पडदा उचलला, मागची बाजू वर केली, पांढऱ्या थरावरून अंगठा फिरवला.

"ह्यात तोंड दिसत न्हाई," ते म्हणाले.

"न्हाईच दिसायचं, अब्बा. मानसाला आकडे दिसले पायजेत."

त्यांनी पडदा सरळ केला, दिवा लावायला सांगितलं आणि तो डोळ्यांसमोर धरून, हळूहळू तिरका करत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर नेली. सलमा कुठून शिकली ते मला त्या वेळी कळलं.  मग दुमडलेल्या कडेवर बोट ठेवून विचारलं, "हे कुनी बसवलं?"

"मी, चाचा," सुरेखा म्हणाली.

"हात चांगलाय तुजा," अब्बा म्हणाले, आणि पडदा दोन्ही हातांनी सलमाच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि टेबलावर ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली.

दुपारी पहिला माल पुण्याला निघाला. आवारात टेम्पो उभा होता. ड्रायव्हर खोकी आडवी रचायला लागला, तशी सलमा धावली. खोकी उभी राहिली पाहिजेत, आडवी नाहीत, हे तिने त्याला तीन प्रकारे सांगितलं. त्याने मान हलवली आणि चौथं खोकं आडवं ठेवलं. मग ती स्वतःच टेम्पोत चढली, पदर खोचावा तशी ओढणी खोचून. सगळी खोकी तिने आपल्या हाताने उभी केली, दोरी आवळली आणि खाली उतरून ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसली. कदमसाहेब म्हणाले, अहो, आज तुमचा सत्कार आहे. ती म्हणाली, तो बाईंचा करा, त्यांना चांगलं बोलता येतं.

टेम्पो फाटकापर्यंत गेला. बायका हातमोजे घातलेलेच हात हलवत बाहेर उभ्या होत्या. खिडकीतून सलमाचं डोकं बाहेर आलं.

"समद्या भाईर काय करताय?" ती ओरडली. "लाइन कोन बघतंय? जावा आत."

सुरेखा आधी वळली, मग बाकीच्या. टेम्पो महामार्गाकडे वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते, आणि मागे शेडमधून लाइनचा सरकता पट्टा सुरू झाल्याचा आवाज येत होता.

तुमची,
आजी